राष्ट्रपतींच्या घराबाहेर

तिनं माह्या देखत सुराही अंगणात उपडी केली. मी नुकतंच तिच्यातलं पाणी घेतलं होतं. घोट घशाखाली उतरलाही नव्हता.

"आता हे कोण पिणार?" बाई म्हणाली.

बाई म्हणजे आमच्या भिलाईच्या महिला मंडळाची पुढारीण. पोलाद कारखान्यातल्या साहेबाची बायको, मराठीच. माहा नवरा त्याच कारखान्यात, कोक ओव्हनाच्या कोळसा-भट्टीवर कामाले. आमी बौद्ध झालेलो, हे तिले मालूम होतं. कारखाना नवा, क्वार्टर नवे. मले वाटे, आता सारंच नवं.

मंडळाची सहल पाटण्याले आली होती, पहिल्या राष्ट्रपतींचं घर पाहाले.

"तू इथंच बस. चपला सांभाळ," बाईनं सांगितलं. बाकीच्या बाया खाली पाहत आत गेल्या. माही शेजारीण बी गेली. गाडीत माह्याच खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती ती.

मी बसली. काहून बसली, आजही सांगता येत नाही. कान जळून राहिले होते. रस्त्यानं जाणारे मले पाहत. पदर तोंडावर ओढला. मरून जावं वाटलं.

आतून घर दाखवणाऱ्या बुढ्याचा आवाज आला, "इन्होंने संविधान पर दस्तखत किए. उसमें लिखा है, छुआछूत खतम."

"वा!" बाई म्हणाली.

ते "वा" मले सहन झालं नाही. उठली. आत गेली.

"चपला?" बाईनं विचारलं.

"ज्याच्या त्यानं पाहाव्या. मी घर पाहाले आली."

खाट पाह्यली, पुस्तकं पाह्यली. डोळ्यात काहीच शिरलं नाही. दुपारी आमाले पाटणा शहर दाखवलं. गोलघर म्हणतात त्या उंच जुन्या कोठारावर चढलो. खाली एवढी मोठी गंगा, पण माह्या बाजूले कोणी उभं राहिलं नाही.

घरी नवऱ्याले सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "गप राह्य. साहेबाची बाई हाय. नोकरी जाईन." त्यानं मान वर केली नाही. मले त्याची लाज वाटली. माही त्याहून जास्त.

मग बाईचा निरोप आला. माफी माग, तरच मंडळात ये.

मी मंडळाच्या बैठकीले गेली. साऱ्याईसमोर पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसली. म्हटलं, "माफी तुमी मागा. मी इथून हालत नाही. ज्याले चालत नाही, त्यानं उठावं."

काही जणी उठल्या. शेजारीण बी उठली.

लाज अजून गेली नाही. ती राहीन. पण माफी माह्या तोंडून निघणार नाही. नोकरी गेली तरी नाही.