शेवंताबाईचा अळणी महिना

शेवंताबाईने पाणी चाखून "सोडा" म्हटल्याशिवाय त्या मिठागराची उघाडी, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायचं लाकडी दार, कोणी उघडत नसे.

मी तेव्हा वाशीच्या नव्या सोसायटीत राहायचो आणि समुद्राचा खारेपणा मोजायच्या नोकरीवर होतो. दर आठवड्याला होडीने खाडीच्या तोंडाबाहेर जाऊन बाटल्या भरायच्या, आणि परतताना पनवेल खाडीतल्या या उघाडीपाशी एक. शेवंताबाई बाटल्या बघून हसायची. "येवढं शिकून पानी बाटलीत कशाला भरता? तोंडात घ्या की!" मी चिडायचो, कारण प्रयोगशाळेचा आकडा चार दिवसांनी यायचा आणि बहुतेक वेळा तिच्या जिभेशी जुळायचा.

तिने पंचावन्नी ओलांडली होती, गुडघे गेले होते. उघाडीवरचं काम सुटलं तर डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहायची पाळी, हे तिला आणि मुकादम देवजीला पक्कं ठाऊक होतं.

१९८१च्या मार्गशीर्षात अमावास्येच्या उधाणाला ती "सोडा" म्हणाली. पाणी आत आलं, पसरलं आणि पंधरा दिवस उन्हात नुसतं पडून राहिलं. हवं तितकं दाट होईचना. शेवटी सगळं बाहेर काढावं लागलं. देवजी भडकला. "म्हातारीची जीब गेली," असं त्याने चारचौघांत सुनावलं.

मी आकडे घेऊन त्याच्याकडे धावलो. हिवाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे वाहू लागतो आणि दक्षिणेचं कमी खारं पाणी वर आणतो. त्या पंधरवड्यात खाडीबाहेरचं पाणीसुद्धा आधीपेक्षा नरम झाल्याचं माझ्या कागदावर स्पष्ट होतं. "चूक बाईंची नाही, समुद्राची आहे," मी म्हणालो. देवजी कागद न्याहाळत राहिला. तो निवळतोय असं वाटलं.

तेवढ्यात शेवंताबाईच मध्ये पडली.

"दर्या दरसाल या दिसांत नरम पडतो, मुकादम. मना ठाव हाय. त्ये वलखायलाच तर मी हाय. चूक माजीच."

मग तिने सांगितलं. मुलगा बंडू कावीळ होऊन अंथरुणाला खिळला होता आणि त्याला मीठ बंद होतं. त्याच्यासमोर बसून आपण कालवण ओरपायचं, हे काही तिच्याने झालं नाही. महिनाभर तीही अळणी जेवली. त्या जिभेला नरम पाणीही खारं लागलं. मिठागरावर जन्म काढलेल्या बाईला हे उमगलं ते पाणी आत घेऊन झाल्यावर.

मला तिचा भयंकर राग आला. आयती सुटका मी हातात दिली होती आणि बाईने ती भिरकावून दिली. देवजीने उघाडी स्वतःकडे घेतली, तिच्या डोक्यावर पाटी आली. गुडघ्यावर हात टेकत ती बांध चढायची तेव्हा मला फार वाईट वाटायचं. मी बाटली भरून निघायचो.

माघात एका सकाळी उधाणाचं पाणी पुन्हा चढत होतं. देवजी ओंजळीतलं पाणी चाखत, थुंकत, पुन्हा चाखत उभा होता. बांधावरून शेवंताबाई पाटी घेऊन चालली होती. त्याने हाक मारली.

"शेवंताबाई, बंडू कसा हाय?"

"उठला. पंधरा दिस झाले, डाक्टरने मीठ चालू केलंय."

"आनि तू?"

"त्याच्यासंगच जेवते. काल सुक्या बोंबलाचं कालवन केलं व्हतं."

देवजीने तिच्या डोक्यावरची पाटी स्वतः उतरवून घेतली.

"मंग हिकडं ये," तो म्हणाला. "पानी बग."