गुरुवारची भट्टी

पावडर कोटिंगचा वास आला की अजूनही माझ्या तोंडाला पाणी सुटतं. भुकेचं नव्हे, ओकारीच्या आधी सुटतं तसं. चाकण रस्त्याला हा वास जागोजागी येतो, म्हणून तिकडून जाताना मी नाकावर ओढणी घट्ट बांधते. लोकांना वाटतं, उन्हासाठी.

त्या वर्षी विद्यापीठांची राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आमच्याच पट्ट्यात होती. देशभरातून पोरंपोरी आली होती. धावणारे, पोहणारे, तलवारबाजीवाले आणि आम्ही कुस्तीच्या पोरी. मी दापोडीची. आप्पा, म्हणजे माझे वडील, लातूरकडून येऊन चाकण रस्त्याच्या एका लहान कंपनीत भट्टीवर लागले होते. लोखंडी भागांवर रंगाची कोरडी पूड बसवायची आणि ते भट्टीत भाजायचे, हे त्यांचं काम. मला पोलिसात जायचं होतं. या स्पर्धेत पदक मिळालं असतं तर भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेवर हक्क सांगता आला असता. चार वर्षं मी पहाटे उठत होते ती एवढ्याचसाठी.

माझं वजन त्रेपन्न, आणि त्रेपन्नच्या गटात तालमीतल्या एकाही पोरीने मला पाडलं नव्हतं. त्याच गटात चऱ्होलीच्या एका जमीनमालकांची मुलगी होती. त्यांच्या शेतात आता इमारती उभ्या होत्या, चाकण रस्त्याला कंपन्यांना भाड्याने दिलेली शेडं होती, आणि आमच्या तालमीतलं मॅटही त्यांनीच दिलेलं होतं. विद्यापीठाच्या संघात एका वजनाला एकच मुलगी जाते. चाचणीच्या आठवडाभर आधी वस्तादांनी मला बाजूला घेतलं आणि माझी इतकी स्तुती केली की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

"तू काटक हायस. पन्नासात उतर," ते म्हणाले. "दोघी जाल. तालमीचं नाव हुईल."

मला कळलं नव्हतं असं नाही. तरी मी त्यांच्या पाया पडले, हो म्हणाले आणि वर काटक म्हटलं म्हणून हुरळले. वस्तादांचा मला राग येतो, पण किळस येते ती या हुरळण्याची.

चाचणीत वजनाला दोन किलोची सूट होती, तेवढ्यात भागलं. मुख्य स्पर्धेत सूट नसते. बुधवारी उद्घाटन होतं. पाहुणे दोन तास उशिरा आले आणि आम्ही उन्हात रांगेत उभे. भाषणात त्यांनी सांगितलं की मैदानावर सगळे सारखे असतात. आदल्या दिवसापासून माझ्या पोटात अन्न नव्हतं. शेजारी मालकांची मुलगी लिंबू सरबत पीत होती. तिने अगदी मनापासून बाटली माझ्यापुढे केली. ती पोरगी वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं.

संध्याकाळी काट्यावर एक्कावन्न किलो आठशे भरले. शुक्रवारी सकाळी वजन होतं. वस्ताद म्हणाले, तुझा बाप भट्टीवरच आहे ना? आमच्या पट्ट्यात गुरुवारी कंपन्यांना सुट्टी. वस्तादांनी एक फोन केला आणि गुरुवारी सकाळी बंद कंपनीचं फाटक आमच्यासाठी उघडलं. एरवी आप्पांना पाच मिनिटं उशीर झाला तर दारात अडवणारा वॉचमन त्या दिवशी चहा विचारत होता. मला नवल वाटलं, पण विचार करायला डोकं जागेवर नव्हतं.

आप्पांनी भट्टी पेटवली. अंगावर प्लास्टिकची पिशवी, वर दोन ट्रॅकसूट, असं करून मी भट्टीच्या तोंडाशी दोरीच्या उड्या मारत होते. घशात रंगाची पूड, जीभ टाळूला चिकटलेली. घाम येईना झाला तेव्हा वस्तादांनी चिंच चघळायला दिली. चघळायची आणि सुटलेलं पाणी थुंकायचं, गिळायचं नाही. थुंकायला दुसरं काही नव्हतं म्हणून आप्पांनी त्यांची कंपनीत न्यायची पाण्याची बाटली माझ्या तोंडाशी धरली. तासभर ते ती धरून उभे होते आणि दुसरीकडे बघत होते. पोटच्या पोरीला भाजताना माणूस इतका शांत कसा राहतो, असं तेव्हा मनात आलं होतं.

शुक्रवारी काट्यावर एकोणपन्नास किलो नऊशे भरले. वस्तादांनी पाठ थोपटली. कुस्ती मिनिटभरही चालली नाही. समोरच्या पोरीने पाय धरून पट काढला आणि माझ्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. दहा-शून्य. मॅटच्या कडेला मी ओकले, तर नुसतं पिवळं पाणी पडलं. मालकांची मुलगीही पहिल्याच फेरीत हरली. एवढा आटापिटा करून पदक कुणालाच नाही.

आठवड्याने चऱ्होलीच्या चौकात फ्लेक्स लागला. मधोमध ती, 'राष्ट्रीय मल्ल', बाजूला हात जोडलेले वस्ताद. खाली शुभेच्छुकांचे बारीक फोटो होते. त्या रांगेत शेवटून दुसरी मी. माझ्याच वजनाच्या जागेवर दुसरी गेली आणि मी तिची शुभेच्छुक. फ्लेक्सखाली उभी राहून मी मनात येतील तेवढ्या शिव्या घातल्या आणि बसने घरी आले.

आप्पा जेवत होते. आजवर त्यांना काही सांगितलं नव्हतं, त्यांना वाईट वाटेल म्हणून. त्या दिवशी सगळं ओकले. त्रेपन्नची जागा माझी होती, ती त्या पोरीसाठी रिकामी करून घेतली, तुम्हाला फसवून तुमच्या हातून मला भाजलं. आप्पा चिडतील, वस्तादांच्या दारात जातील, असं मला वाटत होतं. ते भातावर वरण कालवत राहिले.

"मला ठावं हुतं," ते म्हणाले.

"मग भट्टी का पेटवलीत, आप्पा?"

"कंपनीचं शेड कुणाचं हाय, पोरी?"

आप्पांनी शेजारची बाटली उचलली आणि पाणी प्यायले. बाटली तीच होती. ती घासून, धुऊन ते रोज कंपनीत नेत होते.