धडधाकट पेशंट

"उद्या युनिफॉर्म नको. घरातलं लुगडं नेसून ये. जरा फाटकं बघून आण, तुझ्याकडे असेलच."

हे मला हॉस्पिटलचे सेक्रेटरी भर पॅसेजमध्ये म्हणाले. माझ्या हातात बेडपॅन होतं. दोन नर्स फिस्सकन हसल्या. मीसुद्धा हसले. आज मला सगळ्यात जास्त किळस येते ती त्या माझ्या हसण्याची.

आमचा जिल्हा तेव्हा नुकताच रत्नागिरीतून वेगळा झाला होता. मालवणातल्या या ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी आया होते. सहा वर्षं हंगामी. मी बौद्धवाडीतली, गावाच्या तोंडी ती अजून महारवाडीच. पण खरं सांगते, मला त्या जागेचा अभिमान होता. गरिबाला इथे फुकट खाट मिळते, असं बाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं आणि मी ते खरं मानत होते. ड्यूटी संपली तरी मी थांबायचे, बाकीच्या आयाही. कुणाला सांगावं लागत नसे.

दुसऱ्या दिवशी मुंबईचे देणगीदार येणार होते. गरीब रुग्णांना फळवाटप, फोटो. नेमके वॉर्डात पेशंट कमी. म्हणून आम्ही चार आयांनी गरीब रुग्ण व्हायचं. वर गाऱ्हाणंही ठरलं होतं. देवळात घालतात तसंच, एकाने देवाला विनवायचं, बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. इथे देवाच्या जागी देणगीदार. पाहुण्यांना आपलं कोकण दिसलं पाहिजे, असं सेक्रेटरींचं म्हणणं.

तीन नंबरच्या खाटेवर तारकर्लीची एक म्हातारी होती. मासे विकून जगलेली. पायाची जखम सडली होती, वास मारायची. मेट्रनबाई सकाळी आल्या आणि नाकाला पदर लावून मला म्हणाल्या, "हिका मागच्या पडवेत निजव. वासान पावणे पळतले. आणि तू पड हयसर."

म्हातारीला मीच उचललं. हो, मीच.

"माका खंय व्हरतंस गो चेडवा?"

"भायर वारो बरो लागतलो," मी म्हटलं.

खोटं बोलले. मळक्या चादरींच्या ढिगाशेजारी चटई टाकून तिला निजवली. मग तिच्या खाटेवर नवी चादर घातली आणि फाटकं लुगडं नेसून आडवी झाले. धडधाकट बाई. सकाळीच दोन भाकऱ्या खाल्लेली.

पाहुणे आले. सेक्रेटरी त्यांच्यातल्या बाईसाहेबांच्या कानाशी काहीतरी कुजबुजले. काय ते मला लगेच कळलं, कारण बाकीच्यांना बाईसाहेबांनी सफरचंद हातात दिलं, माझं मात्र ओंजळीत वरून सोडलं. बोट लागू नये म्हणून. फोटोवाला म्हणाला, "ताई, जरा आजारी दिसा." मी डोळे अर्धे मिटले. कण्हलेसुद्धा. शी!

मग हॉस्पिटलच्या क्लार्कने हात जोडून सूर लावला. "बा दात्या म्हाराजा, आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे इली आसत रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्या खाटा बोलल्या. मीही बोलले.

"हयसर कोण उपाशी नाय, कोण उघड्यार नाय, सगळी तुज्या छत्राखाली आसत रे म्हाराजा!"

आणि मागच्या पडवीतून, भिंतीपलीकडून, चिरका आवाज आला.

"होय म्हाराजा!"

म्हातारी. गाऱ्हाणं कानावर आलं की आमच्याकडे माणूस जिथे असेल तिथून हात जोडून साद देतो. तिला वाटलं, कुणीतरी खरंच देवाला विनवतंय.

मी उठून बसले. तोंडातून निघालं, "नाय म्हाराजा."

गाऱ्हाण्यात असं कुणी म्हणत नाही.

"झोप! पेशंट आहेस तू!" सेक्रेटरी दबक्या आवाजात ओरडले.

"मी आया आसंय. पेशंट भायर आसा."

सफरचंद खाटेवर ठेवलं. पडवीत गेले, म्हातारीला दोन्ही हातांवर घेतली आणि सगळ्यांच्या मधून आणून तिच्या खाटेवर ठेवली. वास सुटला. बाईसाहेबांनी रुमाल काढला. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

दुपारी सेक्रेटरींनी बोलावलं. "सहा वर्षं पोसली तुला. माफी माग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

पोसली! सहा वर्षं त्यांच्या पेशंटांचं हगणंमुतणं मी काढलं, आणि पोसली यांनी. मी बाहेर आले. वऱ्हांड्यात बाकीच्या तिघी आया भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या दिवशी ड्यूटीची वेळ संपताच आम्ही चौघीही निघालो. सहा वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर आले. युनिफॉर्म घालून. आधी म्हातारीची जखम धुतली, मग सेक्रेटरींच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. "काढायचं तर लेखी काढा. कारण लिहा. मी त्या खाटेवर कशाला झोपले होते, तेही लिहा."

सेक्रेटरी टेबलावरचे कागद चाळत राहिले. वर बघितलंच नाही त्यांनी.

काढल्याचा कागद मला कधी मिळाला नाही, म्हणून मी येतच राहिले. कायमही केलं नाही. आजाऱ्याचं काम मी करते, अजूनही मन लावून करते. पण यांच्या दानधर्माच्या फोटोसाठी आता माझं मढंसुद्धा खाटेवर झोपणार नाही.