चार बोटं लांब गज

मी माझ्या बायकोवर भरलेली बंदूक रोखली, चाप ओढला, आणि वर खिदळलो. हे आधीच सांगून टाकतो. मागून सांगायला माझी जीभ उचलत नाय.

मी सुतार. म्हणजे मीच म्हणतो. कुऱ्हाडीचे दांडे, नांगर, खाटेचे पाय करतो. मी केलेल्या खाटेवर बसायच्या आधी पाहुणा तिला एकदा हलवून बघतो. शाळेत एक दिवस गेलो, तोही तिथं जेवण मिळतं म्हणून. असल्या माणसाकडं पल्याडच्या पाड्यावरचा म्हातारा डोकरा बंदूक घेऊन आला. शेतराखणीची, लायसनची, ठासणीची. दारू, चिंधी, छर्रे सगळं नळीच्या तोंडातून घालायचं नि लाकडी गजानं ठासायचं. नागली कणसाला आली की रानडुकरं उतरतात, म्हणून डोकऱ्याला घाई. पण बंदुकीचा दस्ता वाळवीनं खाल्लेला, खांद्याला लावला की भुसा गळायचा. त्यात डोकऱ्याला आता लांबचं दिसत नाय. त्याच्या पोरानं ठाण्याहून एक जुनी बंदुकीची दुर्बीण आणलेली, ती पण वर बसवायची होती.

"जमंल का रं?"

"काका, तुम्ही म्हणाल तं तोफेला दस्ता बसवतो."

"तोफ नको. खाटेसारखी करू नको म्हंजे झालं."

"रिकामी हाय ना?" मी विचारलं. एवढी अक्कल होती मला.

"रिकामीच हाय."

शिवणीचा ओंडका तासला. नळीला दिव्याची काजळी फासायची, लाकडात दाबायची, उचलायची. जिथं काळं लागलं तिथं पटाशीनं जरासं काढायचं. परत दाबायची. दोन दिवस हेच. माझं तोंड इतकं काळं झालं की बायको म्हणाली, "लाकडापेक्षा तुलाच जास्त लागलंय. तूच बस बंदुकीला."

तिसऱ्या दिवशी डोकरा बघायला आला. मी म्हटलं, "काका, एक टोपी द्या, घोडा नीट पडतो का बघतो." ती तांब्याची टोपी चिमणीच्या डोळ्याएवढी असते. घोड्याखाली ती ठेवली तरच ठिणगी पडते.

"डबी घरी राहिली," डोकरा म्हणाला. "परत येताना आणतो."

तो गेल्यावर मी नळीखाली गजाची खाच केली. गजाचं माप घ्यायला तो नळीत घातला. तळाला टेकला नि चार बोटं बाहेर राहिला. काढून परत घातला. परत चार बोटं. मी एकटाच हसलो. म्हटलं, ज्यानं हा गज केला तो माझ्याहून वाईट सुतार! आणि करवत घेऊन नळीच्या तोंडाशी गज सरळ कापला. वर कानस पण मारली, डोकऱ्याच्या हाताला लागू नये म्हणून.

दुर्बिणीला पाण्याच्या पाइपाच्या दोन क्लिपा लावल्या, खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, स्क्रू पिळले. माझ्या हातची पहिली वस्तू जी हलली नाय. मला राहवेना. ओट्यावर बसून डोळा लावला.

ओहोळापलीकडं, हाकेवर, माझी बायको गवत कापत होती. दुर्बिणीत ती एकदम नाकासमोर आली. कपाळावरचा घाम दिसला. दुर्बिणीत बारीक काळी फुली असते. ती फुली मी बरोब्बर तिच्या गळ्यातल्या मण्यांवर आणली.

शेजारी आला. त्यानं बघितलं. मंग त्याची बायको. मंग आणखी पाच-सहा जण. दुर्बीण बंदुकीवर, मंग बंदूक पण जिथं बघाल तिथं.

"तिचं तोंड हलतंय रं. काय बोलतेय?"

"मला शिव्या देत असंल," मी म्हणालो. "थांबा, गप करतो तिला."

बंदूक परत हातात घेतली, फुली मण्यांवर आणली, घोडा मागं घेतला, चाप ओढला. टक. सगळी हसली. म्हणून परत ओढला. टक.

उन्हं कलताना डोकरा आला, डबी वाजवत. "घे तुझी टोपी." बंदूक खांद्याला लावून खूश झाला. "खाटेहून बरी जमली की!" मंग त्यानं गज ओढून हातात घेतला.

"हा आखूड कसा?"

"लांब होता काका. चार बोटं बाहेर यायचा. मी केला सरळ."

डोकरा खाली बसला. टोप्यांची डबी बंदुकीपासून लांब सरकवली.

"रिकाम्या नळीत गज तोंडाबरोबर बसतो," तो हळू म्हणाला. "बाहेर राहिला तं आत माल असतो." मंग कपाळावर हात मारला. "गेल्या सालचा शेवटचा बार. डुकरं आलीच नाय. मी तशीच टांगली."

शेजारी मघाशी जिथं हसून लोळला होता, ती जागा सोडून उठला. मी भुशात हात घालून तो कापलेला तुकडा शोधला. चार बोटं. तेवढीच दारू नि छर्रे आत होते. डोकऱ्यानं बंदूक ओहोळात नेली नि नळीत पाणी ओतलं.

बायको भारा टाकून आली. "सगळी मेल्यासारखी गप का?"

मी तुकडा दाखवला नि सांगितलं. सगळं, फुली कुठं होती ते पण.

तिनं गळ्यातले मणी मुठीत धरले.

"चाप ओढलास?"

"ओढला."

"कशाला?"

"ही सगळी हसावी म्हणून."



"मंग? हसली?"

"हसली. म्हणून परत ओढला."

ती आत गेली. भाकरी थापायचा आवाज आला, पण एकाच भाकरीचा. मी ओट्यावर तुकडा धरून बसून राहिलो.