धाकूमामाने न सांगितलेली चक्कर

दुसऱ्या मजल्यावरच्या पुरुषांच्या वॉर्डात कुणी नुसती ‘मामा’ अशी हाक मारली, तर वळून बघायचा तो धाकू. रुग्णालयात वॉर्डबॉय बरेच होते आणि रीतीप्रमाणे सगळेच मामा होते. पण बाकीच्यांना हाक मारताना आधी नाव घ्यावं लागे, शिवामामा, संदेशमामा असं. धाकूला तेवढं लागत नसे. ही गोष्ट त्याने कधी कुणाला बोलून दाखवली नव्हती. पण ती त्याला ठाऊक होती आणि आतून गोड वाटायची.

धाकू मूळचा अलोऱ्याचा. वडील कोयना प्रकल्पावर मजुरीला. शाळा मध्येच सुटली आणि तो रत्नागिरीला आला, तो थेट मिरकरवाडा बंदरावर बर्फाच्या लाद्या उचलायला. तिथे एकदा बरोबरच्या गड्याचा पाय लादीखाली सापडला. धाकूने त्याला उचलून रिक्षात घातलं, रुग्णालयात आणलं आणि टेबलावर असं अलगद ठेवलं की गडी कळवळला नाही. डॉक्टर बघत उभे होते. ते म्हणाले, ‘‘इथे काम करशील का?’’ तेव्हापासून धाकू इथेच. लग्न झालं, मालन घरात आली, कुवारबावच्या पुढे दोन खोल्यांचं घर झालं, केस पिकायला लागले. माणूस कसा उचलावा, पाठ न ओढता चादर कशी बदलावी, लाजणाऱ्या म्हाताऱ्याला भांडं कसं द्यावं, हे तो करत गेला. बोलायचा मात्र कमी. काम हाताने करायचं असतं, तोंडाने नव्हे, असं त्याचं मत होतं.

मग अक्रम आला. मिरकरवाड्याचाच मुलगा, तेविशीचा, अंगाने शिडशिडीत. बाप ट्रॉलरवर, थोरला भाऊ दोहाला. याने मात्र शहरात रुग्णांची देखभाल शिकवणारा जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स केला होता. पहिल्याच दिवशी तो एका पेशंटच्या खाटेशी उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘काका, मी अक्रम. आज संध्याकाळपर्यंत मी तुमच्याजवळ आहे. आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवतो. दुखलं तर लगेच सांगा, मी थांबेन.’’

धाकूला हसूच आलं. शिवाला तो म्हणाला, ‘‘हा वळवतोय की आकाशवाणीवर बोलतोय?’’

शिवा हसला. पण पेशंट हसला नव्हता. त्याने मान हलवली होती आणि अंग सैल सोडलं होतं. ते धाकूच्या नजरेतून सुटलं नाही.

पुढे पुढे त्याला दुसरं काही दिसेनासं झालं. डॉक्टर राउंडला आले की विचारत, ‘‘अक्रम, यांनी सकाळी खाल्लं का?’’ धाकू हातभर अंतरावर उभा असे. नातेवाईक दारातून डोकावत आणि म्हणत, ‘‘तो मुलगा नाही का आज?’’ धाकू ‘नाही’ म्हणून पुढे जाई, पण ते ‘तो मुलगा’ दिवसभर मनात सलत राही. एक दिवस घरी दाढी करताना तो आरशात बघून हळूच म्हणाला, ‘‘काका, मी धाकू. आता तुम्हाला कुशीवर वळवतो.’’

‘‘कोणाशी बोलताय?’’ मालनने चुलीकडून विचारलं.

‘‘कोणाशी नाही.’’

‘‘मग कोणाला वळवताय?’’

धाकूने पाण्याचा तांब्या आपटला. मालनला कळायचं ते कळलं. रुग्णालयातून आलं की नवऱ्याच्या बोलण्यात अक्रमचं नाव किती वेळा येतं, ते ती ऐकतच होती. ती एवढंच म्हणाली, ‘‘पोर वाईट नाय हो. तुमचं कायतरी नेलान काय त्याने?’’

नेलं होतंच, पण काय नेलं ते धाकूला सांगता येईना.

त्यात श्रद्धा सिस्टर वॉर्डच्या इनचार्ज झाल्या. वयाने धाकूपेक्षा खूप लहान, पण कामाला कडक आणि वागायला सरळ. त्यांनी नवी पद्धत घालून दिली. दुपारी पाळी बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याला प्रत्येक खाटेशी नेऊन सांगायचं : हा पेशंट काय खातो, कसा चालतो, सकाळपासून काय वेगळं दिसलं. ऐकणाऱ्याने तेच पुन्हा बोलून दाखवायचं, म्हणजे ऐकण्यात चूक राहणार नाही. अक्रमला हे कोर्समध्येच शिकवलं होतं. तो घडाघडा बोले, सिस्टर खूश होत. आता धाकूची सकाळपाळी असे आणि दुपारी त्याच्याकडून काम घ्यायला नेमका अक्रम येई. रोज दुपारी या पोरापुढे उभं राहून तोंडी परीक्षा द्यायची, असं धाकूला ते वाटे. तो खाटेमागून खाट उरकत जाई. ‘‘हा बरा आहे. हापण बरा आहे. याचं सलाईन संपत आलंय.’’

‘‘आणि काही, मामा?’’ अक्रम विचारी.

‘‘आणि काय असणार?’’

त्या सुमाराला वजीरचाचा दाखल झाले. जन्मभर समुद्रावर काढलेला, बोट हाकणारा तांडेल माणूस. आता सत्तरी उलटलेली, हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. बायको मासूमा दिवसभर उशाशी बसलेली असे. चाचांची आणि धाकूची बर्फाच्या कारखान्यापासूनची ओळख. ते आल्या दिवशी म्हणाले होते, ‘‘धाकू आहे ना, मग मला घोर नाय.’’ धाकूला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. निदान हा पेशंट तरी आपला.

आणि एका सकाळी मासूमाचाचीने घरून सांदणं आणली. डबा उघडला आणि म्हणाली, ‘‘अक्रम दुपारी येईल ना? त्याच्यासाठी आधी काढून ठेवते. पोराने काल किती केलं चाचांचं. तासभर बसून बोलत होता.’’ मग तिने धाकूच्या हातावरही दोन ठेवली. नारळाच्या रसातली, मऊ, गोड. धाकूने ती खाल्ली, पण त्याला ती गोड लागली नाहीत.

त्याच सकाळी चाचांना न्हाणीघरात नेताना ते दारातच थबकले. चेहरा पांढरा पडला, गुडघे वाकले. धाकूने त्यांना तिथल्या तिथे स्टुलावर बसवलं, पाठीला हात देऊन थोपवून धरलं.

‘‘अंधारी आली रे,’’ चाचा म्हणाले. ‘‘बोट हलल्यासारखं वाटलं.’’

‘‘बसा घडीभर.’’

थोड्या वेळाने रंग परत आला. धाकूने त्यांना खाटेवर आणून निजवलं. हे सिस्टरना सांगायला हवं हे त्याला कळत होतं. तेवढ्यात खालून स्ट्रेचर आलं, मग एक्स-रेला कुणाला न्यायचं निघालं आणि सांगायचं राहिलं. इथपर्यंत ते विसरणं होतं.

दुपारी अक्रम आला. दोघे चाचांच्या खाटेशी उभे राहिले. चाचांना झोप लागली होती. मासूमाचाचीने अक्रमकडे बघून डब्याकडे बोट केलं आणि हसली. धाकूला चक्कर आठवली, अगदी ओठांवर आली. त्याने त्या डब्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘हे बरे आहेत.’’

‘‘चालताना काही त्रास?’’

‘‘तू बसतोस ना तासभर बोलत? तूच विचार.’’

अक्रमने झोपलेल्या चाचांकडे बघितलं. मग नेहमीसारखं म्हणाला, ‘‘वजीरचाचा बरे आहेत, सकाळपासून वेगळं काही नाही. बरोबर, मामा?’’

‘‘बरोबर,’’ धाकू म्हणाला, आणि चपला घालून जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला तेव्हा वॉर्डात कुजबूज चालू होती. चाचांच्या कपाळावर पट्टी, खाली टाके. अक्रमच्या उजव्या मनगटाला बँडेज. संध्याकाळी अक्रम चाचांना चालवायला घेऊन निघाला आणि चार पावलांत चाचा कोसळले. अक्रमने स्वतःचं अंग खाली घातलं म्हणून हाड मोडण्यावर गेलं नाही. कपाळ तेवढं खाटेच्या कडेला लागलं. डॉक्टरांनी तपासलं, तर उभं राहिल्यावर चाचांचा रक्तदाब एकदम उतरत होता. रक्तदाबाची नवी गोळी त्यांना जास्त होत होती. त्यांनी ती लगेच बदलली.

धाकूने हे ऐकलं. तो चाचांच्या खाटेशी गेला. चाचा डोळे मिटून पडले होते. मासूमाचाची हळू आवाजात म्हणाली, ‘‘काल सकाळी पण असंच झालं होतं ना रे? मला वाटलं, तू सांगितलं असशील.’’ तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. तिला खरोखर तसं वाटलं होतं.

श्रद्धा सिस्टरनी सगळ्यांना टेबलाशी बोलावलं. अक्रम सुट्टी न घेता, पाळी दुपारची असूनही सकाळीच आला होता. तो पुढे होऊन म्हणाला, ‘‘सिस्टर, चूक माझी आहे. त्यांना खाटेच्या कडेला थोडा वेळ बसवून, मग उभं करायला पाहिजे होतं. मी घाई केली.’’

सिस्टर म्हणाल्या, ‘‘हे असं स्वतःहून सांगता आलं पाहिजे. सगळ्यांनी ऐकलंत?’’ माना हलल्या. शिवाने तर अक्रमच्या पाठीवर थाप मारली. राही नावाची नवी शिकाऊ नर्स त्याच्या बँडेजकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

धाकूच्या डोक्यात काहीतरी तडकलं. भीती होती, लाज होती, सगळं होतं. पण त्या सगळ्याच्या वर जे उसळलं, ती तीच जुनी जळजळ होती. पेशंट याचे, डॉक्टर याचे, सांदणं याची. आता माझी चूकसुद्धा हाच घेऊन जाणार आणि तिच्यावर शाबासकी मिळवणार.

‘‘ती चूक त्याची नाही,’’ तो म्हणाला. आवाज नको तेवढा मोठा निघाला. ‘‘माझी आहे. सकाळीच चाचांना चक्कर आली होती. मला माहीत होतं. दुपारी याने विचारलंन, तरी मी सांगितलं नाही.’’

‘‘विसरलात?’’ सिस्टरनी विचारलं.

इथे ‘हो’ म्हणून सुटता आलं असतं. धाकू म्हणाला, ‘‘नाही. आठवत होतं.’’

अक्रमने त्याच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता, तर धाकूला बरं वाटलं असतं.

सिस्टरनी बाकीच्यांना कामाला पाठवलं आणि धाकूला बसायला सांगितलं. ‘‘मामा, गोळी द्यायचं काम तुमचं नाही. ती कमी-जास्त करायचं तर माझंही नाही. पण त्या न्हाणीघराच्या दारात तुमच्याशिवाय कोण होतं? तुम्ही जे बघता, ते तुम्ही बोललात तरच आम्हाला दिसतं. तुम्ही गप्प बसलात की डॉक्टरपण आंधळे.’’

नोकरी जाईल असं धाकूला वाटत होतं. ती गेली नाही. वरून ठरलं ते असं, की काही आठवडे धाकूने एकट्याने पेशंट हलवायचा नाही. अक्रमचा हात बरा होईपर्यंत दोघांनी एकाच पाळीत, जोडीने काम करायचं. अक्रमला उचलता येत नव्हतं, आणि पेशंट एकट्या धाकूवर सोडायला सिस्टर तयार नव्हत्या.

याहून नोकरी गेली असती तर परवडलं असतं, असं धाकूने मालनला सांगितलं. मालन म्हणाली, ‘‘आधी चाचांच्या पाया पडून या. मग बोला.’’

तो गेला. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. ‘‘बोटीवर असं केलं असतंस,’’ ते म्हणाले, ‘‘तर तुला पुढच्या बंदरात उतरवला असता.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘पाणी दे जरा.’’ धाकूने आधी पाठीमागची उशी सारखी केली आणि पाणी दिलं. मासूमाचाची त्या दिवसापासून त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलू लागली. चाचा घरी गेले त्या दिवशीही तिने अक्रमचाच निरोप घेतला. ते त्याने सोसलं.

जोडीचे दिवस अवघड होते. अक्रम बोलायचा, धाकू उचलायचा. अक्रम म्हणायचा, ‘‘आता मामा तुम्हाला उचलतील, मान माझ्याकडे ठेवा,’’ आणि पेशंट नीट खुर्चीत बसला की आभार मानायचा ते अक्रमचे. धाकूच्या हातांच्या वाट्याला काहीच येत नसे. पण जवळून बघताना त्याला एक कळलं. पेशंटला सांगून उचललं की त्याचं अंग हलकं लागतं. भीतीने आकसलेला माणूस ओझ्यासारखा लागतो, आणि तयार असलेला माणूस स्वतःही थोडा उठतो. इतकी वर्षं आपण निम्मं वजन फुकट उचललं, हे त्याच्या खांद्यांना आधी पटलं, डोक्याला नंतर.

एकदा बायकांच्या वॉर्डातून बोलावणं आलं. केळशीच्या यमुनाबाईंना खाटेवरून हलवायचं होतं. पाय मोडलेला, आणि परक्या पुरुषांना बघून त्या किंचाळायलाच लागल्या. अक्रमने आपलं नाव सांगितलं, हसून बोलला, पण त्या ऐकेनात. तो गांगरला आणि गप्प झाला. धाकू थोडा वाट बघत राहिला. खरं सांगायचं तर त्याला तेव्हा मनातून गार वाटलं. मग तो त्या वॉर्डात काम करणाऱ्या मावशींना पडदा ओढायला सांगून खाटेच्या उशाशी खाली बसला.

‘‘आई, मी धाकू. अलोऱ्याचा. ही मावशी तुमच्या कमरेला हात लावील. मी फक्त चादरीची टोकं धरीन, तुम्हाला हात लावणार नाय. तुम्ही हो म्हणाल तेव्हाच उचलू.’’

यमुनाबाईंनी त्याला निरखून बघितलं. मग म्हणाल्या, ‘‘पाडशील काय?’’

‘‘नाय पाडणार.’’

‘‘मग उचल.’’

बाहेर आल्यावर अक्रम म्हणाला, ‘‘मामा, हात लावणार नाही, हे मला सुचलंच नव्हतं.’’

‘‘तुला सगळं कसं सुचेल,’’ धाकू म्हणाला. बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण हे रागाने म्हटलं नव्हतं.

अक्रमचं बँडेज सुटलं, पाळ्या पुन्हा वेगळ्या झाल्या. मत्सर गेला असं म्हणता येणार नाही. अजूनही कुणी अक्रमची तारीफ केली की धाकू तिथून उठून फडक्यांच्या घड्या घालायला जातो. पण दुपारी प्रत्येक खाटेशी तो थांबतो. खोकला किती आला, भात किती उरला, उठताना कोण डगमगला, सगळं सांगतो. अक्रमने परत बोलून दाखवताना काही गाळलं, तर ‘पुन्हा सांग’ म्हणतो, आणि ते म्हणताना त्याला थोडा आनंद होतो.

परवा एका पेशंटच्या मुलीने सकाळीच विचारलं, ‘‘अक्रम नाही का आले?’’

धाकूचा चेहरा उतरला. तरी तो म्हणाला, ‘‘अक्रम दुपारी येईल. तोवर मी आहे, धाकू. काय हवंय, सांगा.’’