साचेखात्यातलं सात नंबरचं टर्मिनल

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. युनिक्स कॉम्प्युटरवर नोकरी केलेली बाई मी, असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना हसायचे. आता तुम्ही हसा...

गिरणी संपानंतरची गोष्ट. परळची मिल, नाव सांगत नाही. ऑफिसात एक कॉम्प्युटर आणि त्याला वायरीने जोडलेली सात टर्मिनलं. ‘हू’ कमांड दिली की कुठल्या टर्मिनलवर कोण बसलंय, शेवटची कळ कधी दाबली, सगळं दिसायचं. सातवं साचेखात्यात, म्हणजे मागांच्या शेडमध्ये होतं. साचे भंगारात गेले तेव्हा त्याची वायर मीच उपटून माझ्या कपाटात ठेवली.

त्याच शेडमध्ये माझे बाबा दोन साचे चालवायचे. संपात लेबर ऑफिसरने त्यांच्या नावापुढे लिहिलं — ‘स्वखुशीने काम सोडले’. स्वखुशीने! मेल्याच्या त्या तीन शब्दांनी बाबा खचले, ते गेलेच. पुढे तोच माझा साहेब झाला. सासरच्या आडनावामुळे मी कोणाची मुलगी, हे त्याला कळलं नव्हतं.

थकलेल्या देण्यांच्या दाव्यात कोर्टात कामगारांची यादी द्यायची होती. साहेब म्हणाला, "मॅडम, संपवाले सगळे उडवा. ते आपल्याकडे नव्हतेच."

नोकरी हवी होती... उडवले. बाबांनाही.

संध्याकाळी चिंचपोकळीला आईकडे गेले, सांगून टाकलं. ती एवढंच बोलली, "तुझ्या बापाशीचा नाव तूच पुसलंस गो?" रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मिलची रीत — पूजा झाली की यंत्राला हात लावायचा नाही. सगळी टर्मिनलं बंद, कीबोर्डवर झेंडू. बॅकअपसाठी फक्त माझं चालू. दुपारी सहज ‘हू’ दिलं.

सात नंबरवर कोणीतरी होतं. युजरचं नाव — २२१४. बाबांचा बिल्ला नंबर! शेवटची कळ — आत्ताच.

साहेबाला दाखवलं. "कोण हरामखोर बसलाय तिथे?" करत किल्ली घेऊन तो तरातरा शेडकडे गेला. मी परत ‘हू’ दिलं. आता सात नंबरवर दोघं होते... २२१४ आणि साहेब. एका टर्मिनलवर दोन माणसं बसूच शकत नाहीत हो!

तेवढ्यात प्रिंटर सुरू झाला. पुसलेली सगळी नावं, एकेक करत, बाबांसकट. शेवटी साहेबाचं नाव, आणि पुढे — ‘स्वखुशीने काम सोडले’.

साहेब परत आला तो डोक्यापासून पायापर्यंत सुताच्या धुळीने, फक्कीने पांढरा. बंद शेडमध्ये फक्की कुठली? त्या कागदावर गुपचूप सही केली, गेला. परत कधी आला नाही. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

कपाट उघडलं. वायर तशीच, गुंडाळलेली.

ती यादी मी जशीच्या तशी कोर्टात पाठवली. तिची एक प्रत खंडेनवमीच्याच संध्याकाळी आईला नेली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिचं बोट धरून बाबांच्या नावावर ठेवलं. ती कितीतरी वेळ ते उचलेना. मग म्हणाली, "वाढ गो."

वायरीशिवाय ते टर्मिनल कसं चाललं, मला आजही सांगता येत नाही.