पुस्तकात नसलेला डॉक्टर

नातवाच्या स्वेटरला डांबरगोळ्यांचा वास आला, आणि मला नाशिकचं वाचनालय आठवलं. ऐंशी सालच्या आसपास माझी मुलगी सुमन कॉलेजसाठी जुन्या डॉक्टरांची माहिती शोधायची. डांबरगोळ्या घातलेल्या कपाटातली पुस्तकं घरी देत नसत, म्हणून मी सोबत बसायचो. माझ्या आईच्या लहानपणी, प्लेगात आमच्या वस्तीत शिरून तिची नाडी धरणारा डॉक्टर काही सापडेना.

"पुस्तकात नाय म्हणजे तो आलाच नव्हता का?" मी म्हणालो.

"काका, हळू," ग्रंथपाल म्हणाले.

सुमननं कोरा कागद ओढला. "बाबा, आजीनं सांगितलेलं सांगा. मी लिहिते."

तेव्हा वाटलं, पोरगी मला गप्प बसवतेय. आज कळतं, जन्मात पहिल्यांदाच कुणी माझं बोलणं लिहून घेत होतं. मी आवाज उतरवला आणि तिच्या पेनाच्या चालीनं सांगू लागलो.